द्वितीया की षष्ठी

ओद्दोने मास्तर गेले, त्याच्या नवव्या दिवशी
नीवेस माझ्या शेडमध्ये आली.
काखेत त्यांची वही, बुटांवर ओला बर्फ.
एका ओळीवर बोट ठेवलं: हे दोन शब्द कोर.

फ्रीगोरिस पातिएन्स.
थंडी सोसणारा.

लॅटिनमध्ये मास्तरांनी मला दोनदा नापास केलं,
म्हणून हातात छिन्नी आली. तक्रार नाही.
पण एक धडा कुसळासारखा रुतून राहिलाय:
हे धातुसाधित, ते म्हणायचे, दोन घरचा पाहुणा,
आणि तरी उपाशी राहत नाही.
षष्ठी जोडा, की झालं विशेषण:
थंडीचा सोशीक. मुळातलाच. बकरीसारखा.
द्वितीया जोडा, की अजून क्रियापदच ते:
थंडीला सोसत असलेला,
आत्ता, दात वाजत असताना.

हे सांगितलं, तर नीवेस चक्क हसली.
सोशीक? तो?
बारीचा माणूस, समुद्राकाठचा.
ऑक्टोबर लागला की तीन स्वेटर,
झोपताना मोजे, वर माझी शाल,
आणि थंडीला शिव्या, त्याही विभक्तीसकट अचूक.
बेचाळीस हिवाळे काढले कार्नियाच्या या डोंगरात
कारण माझ्या गाई इथे, माझी आई इथे.
त्यातला एकही त्याच्या अंगवळणी पडला नाही.
रोज पहाटे नव्याने कुडकुडायचा
आणि माझ्याआधी उठून शेगडी पेटवायचा.

मग गप्प. मग म्हणाली,
ते दुसरं रूप कसं होतं?

फ्रीगुस, मी म्हटलं. नपुंसकलिंगी.
द्वितीयेतही थंडी जशीच्या तशी राहते.
दोन अक्षरं कमी होतील; मी अक्षरावर पैसे घेतो.

तेच कोर.

उन्हाळ्यात नवे पाद्री थडग्यापाशी थबकले,
चष्मा पुसून म्हणाले, इथे षष्ठी हवी होती,
मेलेल्या माणसाला कसली द्वितीया?
मी म्हटलं, मास्तरांनीच शिकवलंय.
पाद्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गवताकडे.

जानेवारीत अक्षरांच्या खाचांत बर्फ भरतो.
नीवेस येते, उजवा हातमोजा काढते,
बोटाने एकेक अक्षर मोकळं करते.
फ्रीगुसचा शेवटचा स माझ्या हातून
जरा जास्तच खोल गेलाय.
तिथे तिला वेळ लागतो.