साठ लिटर

आई सांगायची, आधी कल्ले बघ, मगे भाव कर.
कल्ला लाल हवा, डोळा फुगीर,
अंगठा दाबला तर खड्डा राहता कामा नये.
आचऱ्याच्या लिलावात मी मासा असाच निवडला
आणि ग्रिम्सबीच्या फॅक्टरीत निवडते अजून,
पहाटे सहा ते दोन,
पट्ट्यावरून सरकत येणारा कॉड,
ज्याला डोकंच नसतं.

म्हणून डेरेक स्टॅमर्सच्या दुकानात
काय विचारायचं तेच सुचेना.
"हलणारा हवा," म्हटलं.
"मेलेले सोडले तर सगळेच हलतात, बाई."

सहा आठवडे नुसतं पाणी सांभाळलं होतं घरात.
खरा समुद्र मैलभरावर, चिखलाच्या रंगाचा,
आणि मी बादलीत विकतचं मीठ घोळतेय,
शेजारची ब्रेंडा कुंपणावरून बघतेय.
मीठ संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं,
असं आमच्याकडे. इथे खरोखरच वाढायचं:
पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं,
रोज तांब्याभर गोडं पाणी वर घालायचं.

मिहिका पिवळ्या टँगच्या काचेला नाक लावून उभी.
"आई, हा किती पळतो!"
पळतो, डेरेक म्हणाला, म्हणूनच नाही.
त्याला सहा फूट लागतात. तुमच्याकडे
तो फक्त वळायला शिकेल,
वळेल, वळेल, आणि एके दिवशी वळणार नाही.
मग जाळी धुताधुता काहीतरी वडिलांबद्दल,
ट्रॉलर, आइसलंड, बोटी बंद पडल्या ते साल,
नंतर घरात खिडकी ते दार, दार ते खिडकी.
त्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं मी लावलं.

क्लाउनफिशची जोडी देखणी,
पण कोपरा धरला की वरमायांसारखी, जागची हलणार नाही.
सहा पट्ट्यांचा रास दिवसभर गस्त घालतो,
मात्र नंतर आलेल्या कुणाला जगू देत नाही.
(आमच्या शिफ्टला आहे एक तसली. बोलले नाही.)
फायरफिश? झाकण विसरलात
तर सकाळी गालिच्यावर सापडेल.

शेवटी त्याने दगडाच्या भोकात टॉर्च मारला.
दोन डोळे. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
ब्लेनी. करंगळीएवढी,
शेपटीपाशी काळा ठिपका,
कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून लावल्यासारखा.
"ही लांब पोहत नाही. उड्या मारते.
या दगडावरून त्या दगडावर, शेवाळ खरवडत.
लहान जागेतही हिचं काम संपत नाही.
पण झाकण हिलाही लागतं हं."

बत्तीस पौंड. मी तीस म्हटलं, सवयीने.
तो हसला, आणि बत्तीसच घेतले.
आईला फोनवर आकडा सांगितलाच नाही.

दोन दिवस ती दिसलीच नाही.
दगड होते, पंपाची गुरगुर होती,
मिहिका विचारत होती, पैसे परत मिळतात का.

तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून आले,
हातांना वास तसाच, कोट अंगात तसाच.
काचेवर हिरवट थर धरला होता
आणि त्यात बारीक बारीक ओठांचे ठसे,
खालून वर, कुणी घाईघाईने
मुके घेत गेल्यासारखे.
वरच्या दगडावर ती टेकून बसलेली,
एक डोळा पंपाकडे, एक माझ्याकडे,
मग उडी, मग परत उडी,
थांबली.

आणि मी, काय करणार,
आधी कल्लेच बघितले.
उघडत होते, मिटत होते.