नावाचा रकाना

लोहगावच्या विमानतळावरून, थर्माकोलच्या खोक्यात
समुद्राचा वीतभर तुकडा आला
कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना.
पावतीवर लिहिलं होतं: पोवळं, हिरवं, नग एक.

नग एक!
आयोडीनच्या पाण्यात बुडवून हलवलं मात्र,
बादलीच्या तळाशी
अख्खी वस्तीच सांडायला लागली.

नखाएवढा एक तारा, पाचही हात झाडत.
पाठीवर काचेची कुसळं वागवणारा गुलाबी किडा,
तो मी बोटांनीच उचलला,
संडासात टाकला, पाणी ओढलं.
मग वाचलं: हा बिचारा उष्टंखरकटं खातो,
रात्री टाकी झाडतो,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दोन दिवस बोटात त्याची कुसळं सलत होती.
चिमटा हाताशी होता, तरी मी ती काढली नाहीत.

माझं कामच ते. टिळक रोडच्या लॅबमध्ये
बावीस वर्षं काचपट्टीवर रक्त पसरायचं
आणि सांगायचं, यातलं कोण घरचं, कोण उपरं.
शिवाय नावं ठेवण्यात
आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार?
तरी त्या तपकिरी, पारदर्शक छत्रीचं नाव सापडेस्तोवर
एकीच्या अकरा छत्र्या झाल्या होत्या.

नवव्या रात्री:
टक्.

मृणाल झोपेतच पुटपुटली, कृष्ण कृष्ण.
तिला वाटलं, पाल.
टक्.
भिंतीवर काही नव्हतं. पाल माझ्या मनात चुकचुकत होती:
हीटर असेल, काच तडकत असेल,
दीडशे लिटर खारं पाणी खालच्या बापटांच्या छतातून…
सकाळी वाळूवर शंखाचा चुरा,
आतला भाडेकरू बेपत्ता.

मग गणपतीच्या सजावटीतून उरलेला लाल जिलेटीन कागद
टॉर्चला गुंडाळला, आणि स्टूल ओढून बसलो.
लाल उजेड म्हणे या प्राण्यांना दिसत नाही.
अडीच वाजता, पोवळ्याच्या बुडाशी, भोकातून
देठांवरचे दोन डोळे वर आले.
एक माझ्याकडे बघत होता,
दुसरा माझ्यामागच्या घड्याळाकडे.
हा नियम त्याला कुणी सांगितला नसावा.

पाण्याची बाटली कापली, तोंड उलटं बसवलं,
आत कोळंबीचा तुकडा.
तीन रात्री कोळंबी गेली, बाटली रिकामी.
चौथ्या रात्री तो आतच राहिला.
चुकला, की कंटाळला, ठाऊक नाही.

सकाळी ओट्यावर मुरांब्याची प्लास्टिकची बरणी,
झाकणाच्या भोकातून हवेची नळी, आत तो.
दमयंतीबाई नाखवा पोळ्या करायला आल्या.
मुरुडजवळच्या, एकदऱ्याच्या. पुण्यात सातवं वर्ष.
समुद्राबद्दल त्या आजवर एकदाच बोलल्या होत्या,
माझ्या मिठाच्या पिशवीची किंमत ऐकून:
"अगं बाई."

म्हटलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?
त्यांनी पिठाचे हात मागे घेतले, वाकल्या.
"हा होय. जाळ्यातून सोडवायचा न् फेकायचा.
बोट फोडतो मेला."
पण नाव?
"जे खपत नाय, त्याला नाव कोण ठेवतंय, दादा."
आणि तवा तापत ठेवला.

सवयीने मी बरणीला चिठ्ठी लावली:
नमुना. तारीख. वेळ. कुठून आला.
पुस्तकात त्याचं दोन शब्दांचं लॅटिन नाव होतं,
उच्चारताना दातात अडकेल असं.
पेन तिथवर नेलं, आणि रकाना मोकळा सोडला.
लॅबमध्ये हेच केलं असतं तर मेमो मिळाला असता.

त्याला आता वेगळी पेटी आहे, फ्रिजशेजारी.
वर टाकीत शांतता. खाली तो, आणि त्याचे शंख.
माझा विचार होता, कधीतरी अलिबागला जाऊ तेव्हा नेऊन सोडू;
मग वाचलं, तिथला नाही तो. कुठला, ते खोक्यावर नव्हतं.

परवा लवकर उठलो.
स्वयंपाकघरात दिवा लागला होता.
दमयंतीबाईंनी पर्स खुंटीला लावली, इकडेतिकडे पाहिलं,
आणि पेटीच्या काचेवर नखाने एकदा वाजवलं.
थांबल्या.
आतून: टक्.
मग त्यांनी कणीक मळायला घेतली.