वहिवाट

महिन्याचा पहिला मंगळवार, संध्याकाळी सात.
धान्यबाजाराच्या वरच्या खोलीत आम्ही नऊ जण.
हीटर एकच, तोही म्युरिएल टॅपस्कॉटच्या पायांकडे वळवलेला,
कारण ती एक्क्याऐंशीची आणि अध्यक्ष.
हॅर्लबरी नगर-संस्था. स्थापना अडुसष्ट साली,
बसथांब्यासाठी घोड्यांचा जुना हौद फोडायला निघाले तेव्हा.
हौद वाचला. आता कौन्सिल त्यात पिटुनिया लावतं.
म्युरिएलला पिटुनिया आवडत नाहीत.
तेही इतिवृत्तात आहे.

कामं म्हणाल तर अशी :
बँकेनं दगडी कमानीवर ठोकलेली प्लास्टिकची पाटी,
त्यावर आमचं सातवं पत्र, उत्तर नाही.
किप्रियानूच्या चिप्सच्या दुकानाचा फलक उतरवला
तर खाली खोगीरवाल्याची रंगवलेली अक्षरं निघाली.
झाकायची की ठेवायची, दीड तास वाद.
शेवटी किप्रियानूच म्हणाला, राहू द्या,
गिऱ्हाइकं विचारतात घोडा कुठाय, आणि दोन चिप्स जास्त घेतात.

लोक हसतात आम्हाला. हसोत.
माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही विटा मोजता.
मोजतो.

या वर्षी टॅनर्स बोळ.
जुन्या ब्रुअरीचे फ्लॅट झाले, आणि एका सकाळी
बोळाच्या तोंडाशी लोखंडी दार, आकड्यांचं कुलूप.
नकाशात ती वाट नाही. कधीच नव्हती.
कौन्सिलची बाई आली, सर्दीनं बेजार, स्वभावानं चांगली.
म्हणाली, वीस वर्षांची वहिवाट असेल तर ती वाट,
नसेल तर दोन भिंतींमधली जागा.
आणि फॉर्म वाटले :
नाव. कुठून कुठे. किती वेळा. कारण.

सगळे माझ्याकडे वळले.
एकतीस वर्षं मी इथला पोस्टमन,
दिवसातून दोनदा तो बोळ, खांद्यावर आख्खं गाव.
बाई नाक पुसत म्हणाली, ते धरता येणार नाही हो,
ते तुम्हाला पाठवलं होतं.
कुणी न पाठवता, कुणाला न विचारता गेला असाल
तेवढंच लिहा.

रात्री स्वयंपाकघरात चष्मा लावून बसलो.
एकतीस वर्षं, रोज दोनदा, वजा.
उरलं काय?
अठ्ठ्याहत्तरचा एक ऑक्टोबर.
हेस्टर प्राइक आणि मी, एका कागदात चिप्स,
बाहीपर्यंत ओघळलेलं व्हिनेगर.
बोळ एवढा अरुंद की दोघं शेजारी मावत नाहीत.
मावलो.
(ती पुढे लीड्सला गेली. मी ग्लेनिसशी लग्न केलं,
आणि ते बरं केलं.)
दुसरी, वडील गेले ती पहाट.
हॉस्पिटलातून आमच्या घरी यायला
तो बोळ लागतच नाही.
कारणाच्या रकान्यात दोन्हीकडे लिहिलं : काही नाही.

म्युरिएलनं मात्र पिशवीतून तेवीस वह्या काढल्या.
चौऱ्याऐंशीपासूनचा प्रत्येक पहिला मंगळवार.
हवा : धुकं. पायात : जुने बूट. भेटलं : मांजर.
हवा : पाऊस. पायात : तेच. भेटलं : कुणी नाही.
बाईनं पानं उलटली, शिंकायचंसुद्धा विसरली.

निकाल अजून यायचाय.
तोवर दार उघडं ठेवा असा हुकूम आहे,
म्हणून सभा संपली की नऊही जण तिथूनच घरी जातो,
ज्यांची घरं उलट दिशेला आहेत तेसुद्धा.
एकामागे एक. पुढे टॉर्च घेऊन म्युरिएल.
तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे.
ती थांबते, मागच्याला सांगते : तिसरी, जपून.
तो त्याच्या मागच्याला. तो त्याच्या.
मी शेवटचा.
माझ्यामागे नुसता अंधार, आणि दाराला लोंबणारं कुलूप.
तरी मान वळवतो
आणि सांगतो.