सूट

भोसरीच्या फाउंड्रीत तेहतीस वर्षं
मी लाकडाचे पंप केले.
पाणी त्यांतून कधी गेलं नाही.
वाळूत त्यांचा ठसा घ्यायचे,
त्या पोकळीत बीड ओतायचे,
आणि खरा पंप कुणाच्या तरी विहिरीवर जायचा.
माझा मांडणीवर, नंबर लावून, धुळीत.

आमची फूटपट्टी वेगळी असते.
निवताना धातू आकसतो,
बिडाला शंभरात एक, पोलादाला दोन,
म्हणून पट्टीवरचा इंचच मुळात जरा थोराड.
ह्याला आम्ही सूट म्हणायचो.

आता रविवारी एरंडवण्यात, शाळेच्या मैदानात
दोन बाकं जोडून बसतो.
मिठाचे डबे, सरकत्या झाकणाचे.
चार उलथणी. एक शिसवी पोळपाट,
जो विकायला जीव होत नाही
म्हणून किंमत मुद्दाम अवाच्या सवा.

भाचीनं वहीत हिशोब मांडून दिलाय:
साग, भवानी पेठेतला, मोडीत निघालेल्या दारांचा.
सरस, जवसाचं तेल, पॉलिशपेपर, टेम्पो, जागेचं भाडं.
"आणि मामा, तुमचे तास?"
एका डब्याला अडीच, मी सांगितलं.
लागतात चार.
पण झाकण पहिल्यांदा खाचेत बसतं तेव्हा
मी ते उगाच मागंपुढं करत राहतो,
त्याची पावती कुणाच्या नावानं फाडू?

खर्च सहाशे दहा. नफा धरून साडेआठशे.
मी कार्डावर लिहिलं, हजार.
गिऱ्हाईकही निवताना आकसतं,
हे पहिल्याच रविवारी कळलं होतं.
"ऑनलाइन चारशेला मिळतो हो."
"मिळतो," मी म्हणतो. "चांगला असतो."
मग ते नऊशे म्हणतात, मग साडेआठशे,
आणि माप बरोबर जुळतं.

काल एक बाई आल्या, हेल्मेट काखेत.
झाकण सरकवलं. कानाशी नेऊन
पुन्हा सरकवलं, डोळे मिटून.
पाचशेच्या दोन नोटा बाकावर ठेवल्या,
पिशवी नको म्हणाल्या
आणि गेल्यासुद्धा.

दीडशे रुपये आकसायचे राहून गेले.
मी त्या नोटांवर रंधा ठेवून
बराच वेळ बसलो,
वारा नव्हता तरी.

रात्री भाची वही घेऊन आली,
हे वरचे कुठल्या रकान्यात, मामा?
म्हटलं, ते अडीच खोड. चार लिही.
ह्या एका डब्यापुरतं.