पहिले हजार सोडून

हुकूम आला तेव्हा मी डबा खात होते.
बेलीफ ओळखीचा, हात धुईपर्यंत थांबला.
विटा, दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर.
ऋणको नंबर दोन: अधिकराव बाळकू मंडले,
व्हॉल्वमन, पाणीपुरवठा.

नंबर एक जालिंदर.
जोरहाटला गलाईचं दुकान टाकायला गेला,
सोनं आटवता आटवता स्वतःच आटला.
फोन लागत नाही.
राहिला जामीनदार.

हिशेब मला करायचा.
पहिले हजार सोडायचे,
उरलेल्याचे तीन वाटे,
दोन घरी, एक कोर्टात.
माझ्या पोराच्या पुस्तकातलं गणित,
फक्त तिथं वाटे आंब्यांचे असतात.

अठ्ठावीस हजार. वजा नऊ.
पगारपत्रकात नवा रकाना पाडला.
नावातच अधिक आणि खाली वजा,
हे आमच्या लेखापालाला सुचलं
आणि तो हसला. मीही हसले थोडी,
खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी तो आला, चपला दाराबाहेर काढून.
आमच्या ऑफिसात कुणी काढत नाही.
रक्कम विचारलीच नाही.
म्हणाला, मॅडम, स्लिपवर त्याचं नाव काय पडतंय?
न्यायालयीन जप्ती, म्हटलं.
पोरीच्या वसतिगृहाला स्लिप जोडाय लागती.
इतर कपात म्हणून नाय का बसत?

शोधलं. ‘इतर’ होतं,
सायकल अग्रिम आणि सणाची उचल यांच्या मधे.
तिथं बसवलं.
ऑडिट आलं तर बघू.

पहाटे चारला तो लेंगरे रोडचा व्हॉल्व सोडतो.
साडेअकरा आटे, मोजून.
त्याच गल्लीत पतसंस्थेचा मॅनेजर राहतो,
दावा लावणारा.
मला वाटलं होतं, निदान अर्धा आटा कमी…
एकदा विचारलंही.
‘पाणी त्येंच्या एकट्याचं हाय व्हय?
पुढं चौदा घरं हायती.’

एका हुकुमात चोवीस महिन्यांवर कापता येत नाही,
कायद्यातच आहे, मी त्याला वाचून दाखवलं.
त्यानं मान हलवली,
रेडिओवरच्या हवामानाला हलवतात तशी.

कोर्टाच्या कागदांत जामीनपत्राची झेरॉक्स आहे.
सहीतल्या ‘ले’ची मात्रा वर लांब ओढलेली,
थेट जालिंदरच्या नावाला जाऊन टेकलेली.
हजेरीपुस्तकात रोज तीच सही.
तेवढीच लांब.
मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या,
का, ते माहीत नाही.

परवा म्हणाला, एक बरं झालं बघा,
आता जामीन ऱ्हा म्हणून
कोण येत नाय माझ्याकडं.

मग दारात थांबला बराच वेळ,
एक चप्पल पायात,
दुसरी उलटी पडलेली,
अंगठ्यानं सरळ करत.