रकाना सात

दुसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी
माझं टेबल. त्याचा एक पाय आखूड,
खाली गेल्या वर्षीचा अहवाल घडी करून घातलाय.
योजनेचं नाव कन्नडमध्ये अकरा शब्दांचं.
लोक म्हणतात, नोकरीची खोली.

शंभरात साठ जागा स्थानिकांना, असं पत्र आहे.
त्यातल्या काही अपंगांना, काही एकट्या बायांना,
काही अशांना, ज्यांना कुठल्याच कचेरीत
बसा म्हणालेलं नाही कुणी.
पत्र भिंतीवर लावलंय. उन्हानं सही उडत चाललीय.

उद्यमबागेतले हुंदरे फोनवर सांगतात,
"मॅडम, माणूस द्या, पण आमच्यातला द्या."
आमच्यातला म्हणजे कुठपासून, मी विचारत नाही.
तिसऱ्या रेल्वे गेटापासून? आडनावापासून?
की लेथ अडकला की तोंडातून जे निघतं, तिथपासून?
ते अर्धं मराठी असतं, अर्धं कन्नड,
आणि लेथ दोन्हीला चालू होतो.

वडगावचा परशराम ढवळी आला.
वीस वर्षं यंत्रमाग. माग भंगारात गेले, त्याआधी कान.
मी ओरडून विचारत होते, तो ओठांकडे बघत होता.
मराठीत हलले, उत्तर दिलं.
कन्नडमध्ये हलले, तेव्हाही दिलं.
"ऐकू येणं गेलं मॅडम, भाषा ऱ्हायल्या की दोन्ही."

सौंदर्या आली. तीन कागदांवर तीन नावं, फोटो एकाच चेहऱ्याचे.
यल्लव्वा हुलमनी आली कणबर्गीहून,
मेलेल्या सासऱ्याच्या नावाचं लाइटबिल
देवाचा अंगारा आणावा तसं पदरात बांधून.

आणि मग रकाना सात:
स्थानिक असल्याचा पुरावा. जन्मदाखला जोडावा.

अनगोळची वैजयंता, मच्छेची तिची मावसबहीण,
शहापूरचा एक शिंपी.
जन्मठिकाण: चंदगड. आजरा. गडहिंग्लज.
मुळगुंद साहेबांनी तिन्ही अर्ज बाजूला सारले.
"इवरु होरगिनवरु."
बाहेरचे.

साहेब, पहिलं बाळंतपण माहेरी असतं.
सातव्यात बाई निघते, शिनोळीचा नाका ओलांडते,
सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन परत येते
आणि जन्मभर त्याच गल्लीत पाणी भरते.
नकाशा काढताना नद्या बघितल्या असतील,
गावागावात बोली मोजल्या असतील,
बाई बाळंतपणाला कुठे जाते,
हे कुणी विचारलं होतं का?

एवढं सगळं मी बोलले नाही.
मी फक्त विचारलं, "सर, तुमचा जन्म?"
त्यांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं.
"जत," म्हणाले. आणि जरा वेळानं, खिडकीकडे बघत,
"तवरमनी."
आईचं घर. मला अर्थ सांगावा लागला नाही.

हसले नाहीत. टिपणी लिहा म्हणाले.
टिपणी तीनदा परत आली:
एकदा शाईच्या रंगावरून, एकदा समासावरून,
एकदा कशावरून ते अजून कळलं नाही.
चौथ्यांदा आली तेव्हा रकान्यात तीन शब्द जास्त होते:
किंवा रहिवासाचा पुरावा.
यल्लव्वाचं लाइटबिल चाललं.
सौंदर्याची फाइल मात्र अजून वरच आहे.
दर मंगळवारी येते. मी बसा म्हणते. ती बसते.

परशराम सोमवारपासून हुंदऱ्यांकडे.
आठवड्यानं फोन आला. मला वाटलं, तक्रार.
"मॅडम, ह्यो माणूस यंत्रावर हात ठेवून सांगतो, कुठलं बेअरिंग जाणार.
असला आणखी एक आहे काय?"
आमच्यातला पाहिजे का, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

माझा करार मार्चअखेर संपतो.
मुदतवाढीच्या अर्जात रकाना सात आहे.
दाखला काढून बघितला: मुक्काम कोवाड, तालुका चंदगड.
रात्री आईला फोन लावला,
मला घेऊन आलीस तेव्हा कशातनं आलीस?
"कशातनं काय, मामाच्या ट्रॅक्टरातनं.
उसाचा पाला अंथरला होता.
तू वाटभर झोपलेलीस.
नाका कवा गेला,
मलाबी कळलं नाय बघ."