दरफलक

पहाटेच मी कपाट उपसलं.
तारीख उलटलेली पाकिटं, दोन सिरप, एक मलमाची ट्यूब
जेवणाच्या पिशवीत, भाकरीच्या खाली.
तपासणीची कुणकुण आदल्या रात्रीच लागली होती.
ग्रामपंचायतीचा शिपाई सांगून गेला,
पोराच्या खोकल्याचं औषध नेता नेता.

भिलवडीत एकतीस वर्षं मी चौगुले डॉक्टरांचा कंपाउंडर.
शिक्षण नववी.
हेही त्या दिवशी कागदावर आलं.

साडेअकराला जीप. तिघं जण.
लोखंडे मॅडमनी पेशंटांसारखी चप्पल पायरीवर काढली,
मला वाटलं, निम्मं जिंकलं.

मग त्या वाचत गेल्या, सर उत्तरं देत गेले.
निर्जंतुकीकरणाचं यंत्र? बंद आहे.
कधीपासून? दिवाळीपासून.
मग चिमटे? उकळतो.
कशात?
सरांनी पातेलं दाखवलं.
चहाचं वेगळं आहे, असं मी मधेच बोललो,
नको तिथं.

पिवळी पिशवी होती, लाल नव्हती.
कचऱ्याची गाडी चार महिने फिरकली नव्हती,
बिल थकलेलं, हे गाडीवाल्याला ठाऊक, मला ठाऊक,
आता त्या फॉर्मलाही.

जुनी रजिस्टरं?
सरांनी भिंतीकडे बोट केलं.
एकोणीसच्या पुराची रेघ, माझ्या कपाळाच्या वर.
"त्याच्या खालचं सगळं नदीनं नेलं."
पंचनाम्याची प्रत असेल ना?
"ती खालच्याच कप्प्यात होती."
धाकटा क्लार्क हसला. मॅडम हसल्या नाहीत.
लिहिलं: अभिलेख उपलब्ध नाहीत.
आणि नव्हतेच की.

मुदत संपलेली औषधं?
"एकपण नाही," मी म्हणालो.
कपाट इतकं स्वच्छ कधीच नव्हतं,
मी दोन्ही दारं सताड उघडून दाखवलं.
सर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले,
"दादू, तुझी भाकरीची पिशवी आण."

बायकोनं बांधलेली भाकरी, ठेचा, कांदा,
आणि त्याखालून एकेक
टेबलावर, तारखा वर करून.
सोळा नग. मॅडमनी मोजले. सरांनीही मोजले.
एका पाकिटाला ठेच्याचं तेल लागलं होतं,
ते मॅडमनी स्वतःच्या रुमालानं पुसलं
तारीख वाचायला.

सरांना कसं कळलं, मी अजून विचारलेलं नाही.
एकतीस वर्षं मी भाकरी खिडकीत ठेवतो.
त्या दिवशी स्टुलाखाली ठेवली होती.

बाहेर बाकावर अकरा जण.
हौसाक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
"सरकारी मानूस आजारी पडलाय काय रं आत?
कवाधरनं भाईर येईना."

चौदा त्रुटी, एक महिन्याची मुदत.
सरांनी नोटीस दोनदा वाचली,
म्हणाले, बाईंचं अक्षर चांगलं आहे.
माझ्याशी त्या दिवशी एवढंच बोलले.

तेरा त्रुटींना पैसे लागतात.
चौदावी: दरफलक लावलेला नाही.
तिला फळा आणि खडू पुरला.

सर फळ्यासमोर उभे राहिले.
तपासणी फी,
पुढचा आकडा त्यांना येईना.
इथं लोक ड्रॉवर आपल्या हातानं उघडतात,
असेल ते टाकतात, कधी वीस, कधी काहीच नाही,
एकदा वांगी निघाली होती,
आणि त्या वेळी सर खिडकीकडे बघत हात पुसतात.

पन्नास लिहिलं. पुसलं.
चाळीस. पुसलं.
दिवे लागणीला पुन्हा पन्नास,
शून्य जरा बारीक काढून.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरचा आवाज बदलला.
लोक मोजून टाकू लागले, सुटे मागू लागले.
दोघं तर फळा वाचून पायरीवरूनच वळले,
त्यातल्या एकाला ताप होता.

हौसाक्कानं नातवाकडून फळा वाचून घेतला
आणि तिथंच खाली बसली,
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत.
तिचा नंबर आला, गेला.
"आक्का, आत ये," मी म्हणालो.
"थांब गा," ती म्हणाली,
"मागचं मोजतीया.
अजून पुराच्या सालापतुर बी पोचले न्हाई."